जोडीने जर्मनीत जाताय? कागदपत्रांच्या या चुका टाळा

ब्लू कार्ड, म्हणजे उच्चशिक्षित नोकरदाराला मिळणारा निवास परवाना, एकाचं असतं. मग घराचा करार, बँक, विमा, सगळं त्याच नावावर होत जातं आणि जोडीदाराचे कागद मागे पडतात. बहुतेक घोळ इथूनच सुरू होतात.

सर्वांत महागात पडतो तो लग्नाचा दाखला. मंगल कार्यालयाची पावती किंवा देवस्थानाचं पत्र चालत नाही. विवाह नोंदणी कार्यालयाचाच दाखला हवा आणि त्याचं जर्मन भाषांतर शपथबद्ध भाषांतरकाराकडून. दाखल्यावर माहेरचं नाव आणि पासपोर्टवर सासरचं असेल, तर ते निघण्याआधीच निस्तरा. आपल्याकडे पासपोर्टच्या ‘गिव्हन नेम’ रकान्यात वडिलांचं किंवा नवऱ्याचं नावही असतं. तिकडे ते तुमचंच दुसरं नाव धरतात. विचित्र वाटलं तरी प्रत्येक अर्जात पासपोर्टवर आहे तसंच लिहा.

घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत आनमेल्डुंग, म्हणजे पत्त्याची नोंदणी. त्यासाठी घरमालकाच्या सहीचा वेगळा फॉर्म लागतो, नुसत्या भाडेकरारावर भागत नाही. दाखला न्यायला विसरलात तर लग्नाची नोंद अडकते आणि पगारातून अविवाहिताचा, करवर्ग १चा, कर कापला जाऊ शकतो. नोंद झाली की दोघांना आपोआप वर्ग ४ मिळतो. कमावणारं एकच असेल तर ३/५साठी, म्हणजे कमावणाऱ्याला वर्ग ३ आणि दुसऱ्याला वर्ग ५, टॅक्स ऑफिसात अर्ज करा. बदल पुढच्या महिन्यापासून लागू होतो. हातात येणारा पगार वाढतो, पण वर्षाचा कर शेवटी तेवढाच आणि रिटर्न भरणं सक्तीचं. वर्ग ५मधल्या जोडीदाराने नोकरी धरली की तिच्या पगाराला मोठी कात्री लागते, तेव्हा लगेच ४/४वर परत या.

आडनावं वेगळी असतील तर पत्रपेटीवर दोन्ही लावा. कर क्रमांक, विमा कार्ड, बँकेचा पिन, सगळं टपालाने येतं. पेटीवर नाव नसेल तर पत्र परत जातं. नभोवाणी शुल्काचं, म्हणजे रेडिओ-टीव्हीसाठी भराव्या लागणाऱ्या सक्तीच्या शुल्काचं, पत्र मात्र दोघांनाही स्वतंत्र येऊ शकतं. शुल्क दर घरामागे महिना १८.३६ युरो आहे, माणसामागे नाही. म्हणून दुसरं पत्र फेकू नका; पहिल्याचा क्रमांक लिहून उत्तर पाठवा, नाहीतर दोन बिलं सुरू होतात.

सरकारी आरोग्य विम्यात न कमावणाऱ्या जोडीदाराला वेगळा हप्ता नसतो, पण फॉर्म भरल्याशिवाय नाव चढत नाही. खासगी विम्यात प्रत्येकाचा हप्ता वेगळा आणि तिथून सरकारीत परतणं अवघड. तरुणपणीचा कमी हप्ता पाहून जोडप्याने तिकडे वळू नये, असं आमचं स्पष्ट मत.

भारतीय लायसन्स तिथे राहायला लागल्यापासून सहा महिनेच चालतं. पुढे लेखी आणि प्रत्यक्ष, दोन्ही परीक्षा द्याव्या लागतात. क्लासचे सक्तीचे तास मात्र माफ. परीक्षेची तारीख लवकर मिळत नाही, त्यामुळे अर्ज पहिल्या दोन महिन्यांतच टाका, आणि गाडी चालवणारे दोघे असाल तर दोघांचाही.