स्वस्त लॅपटॉप घ्यावा की नाही?

किंमत बघण्याआधी स्टोरेज बघा. डब्यावर '६४ जीबी ईएमएमसी' (स्वस्त लॅपटॉपमधली स्टोरेजची साधी चिप) लिहिलं असेल तर तो लॅपटॉप घेऊच नका. विंडोज ११ ची किमान गरजच ६४ जीबी आहे, त्यामुळे थोड्याच दिवसांत अपडेट उतरवायलाही जागा उरत नाही. शिवाय ही चिप बोर्डावर सोल्डर केलेली (डाग देऊन कायमची जोडलेली) असते, बदलता येत नाही. २५६ जीबी एसएसडी, म्हणजे वेगवान स्टोरेज, हवीच.

रॅम ८ जीबी. दुकानदार '४ जीबी आहे, नंतर वाढवा' म्हणाला तर तिथेच कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा, परफॉर्मन्समध्ये मेमरी उघडा. 'फॉर्म फॅक्टर'पुढे 'रो ऑफ चिप्स' दिसलं तर रॅम सोल्डर केलेली आहे. वेगळा स्लॉट नसेल तर ती कधीच वाढणार नाही.

प्रोसेसरमध्ये इंटेलचा सेलेरॉन एन४०२० टाळा, तो २०१९ चा आणि दोनच कोअरचा. इंटेलचाच चार कोअरचा एन१०० अभ्यासाला, टायपिंगला पुरतो.

स्क्रीन मागेपुढे कलवून बघा. रंग काळवंडले किंवा उलटे दिसले तर ते टीएन पॅनेल, म्हणजे स्वस्त प्रकारचा पडदा; तासन्‌तास वाचणाऱ्या मुलांसाठी तो टाळा.

एवढ्या पैशांत हे जमत नसेल, तर इंटेलचा आठव्या पिढीचा आय५ प्रोसेसर असलेला जुना थिंकपॅड (लेनोवोचा) किंवा लॅटिट्यूड (डेलचा) जास्त टिकेल. फक्त बॅटरी तपासून घ्या.