वेरूळचं कैलास: आधी वर चढा, मग आत शिरा

वेरूळला गाडीतून उतरलं की बहुतेक मंडळी तिकीट काढून सरळ १६ नंबरच्या लेण्याच्या, म्हणजे डोंगरातच कोरलेल्या कैलास मंदिराच्या दारातून आत जातात, दगडी हत्तीपाशी फोटो काढतात, एक चक्कर मारतात आणि घृष्णेश्वराच्या रांगेत लागतात. तुम्ही तसं करू नका. लेण्याच्या दाराकडे तोंड करून उभे राहिलात की उजव्या हाताला डोंगरावर जाणारी पायवाट आहे. आधी ती चढा. कैलास खोदणारे वरून खाली उतरत आले. आपणही त्याच क्रमानं बघितलं तर हे केलं कसं, याचा बराचसा उलगडा जागेवरच होतो.

मी नागपुरात बांधकामावर सुपरवायझर होतो. पाया, कॉलम, स्लॅब, मग वरचा मजला, याच क्रमात सगळी नोकरी गेली. म्हणून नात्यातलं, मोहल्ल्यातलं कोणी वेरूळला निघालं की मी त्यांना काय बघायचं आणि कुठून बघायचं, हे बसवून सांगतो. तेच इथं लिहितोय.

तयारी नागपूरपासूनच करायची. सीताबर्डीची टेकडी ज्या काळ्या दगडाची आहे, त्याच जातीच्या दगडात वेरूळ कोरलंय. ज्वालामुखीच्या लाव्ह्याचे थरावर थर साचून साडेसहा कोटी वर्षांपूर्वी हा बेसाल्ट तयार झाला. दख्खनचं हे काळं पठार पूर्वेकडे आपल्या नागपुरापाशीच संपतं. सेमिनरी हिल्सवर फिरायला जाता तेव्हा उघड्या पडलेल्या दगडाला हात लावून बघा. कुठे घट्ट, कुठे बारीक छिद्रांचा, कुठे उभी चीर गेलेली. जमलं तर एखाद्या गिट्टीच्या खदानीत अर्धा तास उभे राहा. ब्रेकर मशीनलाही तो दगड किती वेळ दाद देत नाही, हे एकदा कानांनी ऐकलेलं असावं. वेरूळला छिन्नी आणि हातोडाच होता.

दुसरी तयारी इतिहासाची, आणि ती आपल्याला परकी नाही. कैलासाचं मुख्य काम राष्ट्रकूट राजा कृष्ण पहिला याच्या काळातलं मानतात, म्हणजे साधारण इ.स. ७५६ ते ७७३. याच कृष्णराजाचा ७७२ सालचा ताम्रपट आपल्या चंद्रपूरकडच्या भांदकला सापडलाय. पुढे त्याच घराण्यातल्या तिसऱ्या कृष्णाचा ९४० सालचा ताम्रपट वर्ध्याजवळ देवळीला मिळाला. त्यात नागपूर-नंदिवर्धन या विभागाचं नाव आहे, आणि पहिल्या कृष्णानं कैलास पर्वतासारखी शिवालयं बांधल्याची स्तुतीही आहे. आपल्या गावाचं नाव आणि कैलासाची आठवण एकाच तांब्याच्या पत्र्यांवर आहे, हे मला फार मोलाचं वाटतं. वेळ असेल तर अजब बंगल्यात, म्हणजे नागपूरच्या संग्रहालयात जाऊन जुन्या मूर्ती बघून घ्या. कोणाच्या हातात काय आयुध, कोणाचं वाहन कोणतं, याची नजर बसते.

प्रवासाचं थोडक्यात. समृद्धीनं गेलात तर पहाटे निघून दुपारपर्यंत छत्रपती संभाजीनगर गाठता येतं. तिथून वेरूळ ३० किलोमीटर. मुक्काम करा, एका दिवसात जाऊन येण्याच्या भानगडीत पडू नका. उन्हाळ्यात सिमेंटचा रस्ता तापतो, टायर आणि हवा तपासूनच निघा. वेरूळ मंगळवारी बंद असतं. अजिंठा सोमवारी बंद. दोन्ही जोडून करणाऱ्यांचा इथंच घोळ होतो, म्हणून वार आधी ठरवा आणि सुट्टी नंतर मागा. कैलासाचं तोंड पश्चिमेला आहे, त्यामुळे दर्शनी भागावर उजेड दुपारनंतर येतो. सकाळी वरची बाजू, दुपारी आतली, असा दिवस वाटून घ्या. मोठा टॉर्च, पाणी, आणि जमल्यास छोटी दुर्बीण सोबत ठेवा.

आता वर. पायवाटेनं चढून कड्याच्या बाजूला या, रेलिंगच्या आत राहा, आणि खाली बघायची घाई न करता समोरच्या उभ्या कड्याच्या भिंती बघा. छिन्नीचे घाव अजून दिसतात. मागच्या बाजूला हा कडा जवळजवळ ३० मीटर उंच आहे. कारागिरांनी डोंगरात तीन चर घेतले: दोन बाजूंनी आत जाणारे, एक मागून त्यांना जोडणारा. मधे साधारण ६० मीटर लांब, ३० मीटर रुंद असा दगडाचा एकसंध ठोकळा सुटा झाला. मंदिर त्या ठोकळ्यात. शिखर पहिल्यांदा आकाराला आलं, चौथरा शेवटी. जसजशी जमीन खाली गेली तसतसे नक्षीकाम करणारे खाली उतरले, त्यामुळे उंच परांचीची गरज पडली नाही. ज्या दगडावर उभं राहून वरचं काम केलं, तोच दगड उद्या फोडायचा.

हिशेब मांडून बघा, मी इथं उभ्या असलेल्या प्रत्येकाला करायला लावतो. खालचं अंगण सुमारे ८२ मीटर लांब आणि ४६ मीटर रुंद. कडा मागे उंच, पुढे उतरता, म्हणून सरासरी खोली २० मीटर धरा. ७५ हजार घनमीटर झाले. त्यातला चौथा हिस्सा मंदिर म्हणून राहिला असं समजा. एक घनमीटर बेसाल्ट साधारण २.८ टनांचा, म्हणून उरलेल्याला २.८ नं गुणलं की दीड लाख टनांच्या वर दगड बाहेर काढलेला निघतो. छापील अंदाज दीड-दोन लाखांच्या आसपासच फिरतात. आजच्या वीस टनी टिप्परच्या जवळपास आठ हजार खेपा.

वरूनच आणखी एक गोष्ट बघायची, कारण खाली गेल्यावर ती दिसत नाही. मंडपाच्या छतावर मोठं कमळ कोरलंय, पाकळ्यांची वर्तुळं एकात एक, आणि त्यावर चार दिशांना चार सिंह. अंगणातून मान वर करणाऱ्याला हे कमळ दिसणार नाही. त्याचा मध्य, शिखराचा मध्य आणि पुढच्या नंदीमंडपाचा मध्य डोळ्यांनी एका रेषेत जोडून बघा. आमच्याकडे लाइनदोरी चुकली तर प्लास्टरमध्ये सांभाळून घेतात. इथं पहिल्या महिन्यात वर आखलेली रेघ शेवटच्या वर्षी खाली ३० मीटरवर बरोबर उतरायला हवी होती, आणि एकदा निघालेला दगड परत लावता येत नव्हता. आमच्या साइटवरचा एक जुना मुकादम इथं सोबत होता. तो बराच वेळ बघून एवढंच बोलला, "इथं चुकाले जागाच नाही, साहेब."

लोक याला रहस्य म्हणतात आणि परग्रहावरच्या माणसांपर्यंत जातात. अठरा वर्षांत पूर्ण झालं असा आकडा व्हिडिओंमध्ये फिरतो, त्याला कोणत्याही शिलालेखाचा आधार नाही. खरं आश्चर्य त्या काळच्या माणसांनीच लिहून ठेवलंय. बडोद्याला मिळालेल्या ८१२ सालच्या राष्ट्रकूट ताम्रपटात एलापूरच्या, म्हणजे वेरूळच्या या मंदिराचं वर्णन आहे. विमानातून जाणारे देव ते बघून थक्क होतात, आणि खुद्द ते घडवणारा स्थपतीही हे आपल्या हातून झालं कसं, म्हणून चकित होतो. आपल्याकडे एक जुनी मराठी कथाही आहे. राणीनं व्रत धरलं, शिवालयाचा कळस दिसेपर्यंत अन्न घेणार नाही. तेव्हा पैठणच्या कोकास नावाच्या स्थपतीनं कळसापासूनच काम सुरू केलं. कथेतली राणी बाजूला ठेवली तरी कामाचा क्रम लोकांच्या आठवणीत बरोबर राहिला.

आराखडा मात्र एकाएकी सुचलेला नाही. चालुक्यांची राणी लोकमहादेवी हिनं कर्नाटकातल्या पट्टदकलला विरूपाक्ष मंदिर बांधवलं, नवरा विक्रमादित्य दुसरा यानं कांची जिंकली त्याची आठवण म्हणून. त्या मंदिरावर कांचीच्या कैलासनाथ मंदिराची छाप आहे. मग राष्ट्रकूटांनी चालुक्यांचं राज्य घेतलं, आणि तीच दक्षिणी घडण वेरूळच्या डोंगरात उतरली. म्हणून हे शिखर टप्प्याटप्प्यानं निमुळतं होत जाणारं, द्राविड धाटणीचं दिसतं.

आता खाली उतरा आणि दारातून आत या. समोरच गजलक्ष्मी, कमळांच्या तळ्यात बसलेली. तिथून मंदिर उजव्या हाताला ठेवून प्रदक्षिणेनं निघा. डावीकडच्या अंगणात एक हत्ती, एक ध्वजस्तंभ, आणि गंगा-यमुना-सरस्वतीचं छोटं दालन. मंदिराच्या भिंतीवर महाभारताचा पट. पुढे जिना चढून लंकेश्वराचं लेणं, ते अंधारं आहे, तिथं टॉर्च लागेल. मागच्या तिन्ही बाजूंच्या ओवऱ्यांमधल्या मोठ्या मूर्तींना घाईत उरकू नका, पण सगळा वेळही तिथं घालवू नका. चौथऱ्यावर ओळीनं हत्ती-सिंह आहेत, त्यांच्या पाठीवर सगळं मंदिर तोललेलं वाटतं.

जास्त वेळ दक्षिणेच्या बाजूला द्या. चौथऱ्याच्या खोल कोनाड्यात रावण कैलास हलवतोय. आधी डोळे सावलीला सरावू द्या. खाली रावण, वीस हातांचा, मागच्या दगडापासून इतका सोडवलेला की हात मोकळे फिरतात असं वाटावं. वर शंकर निवांत बसलेला, पायाच्या नुसत्या दाबानं पर्वत स्थिर करणारा. पार्वती दचकून त्याच्या दंडाला बिलगली आहे. आणि मागे एक दासी पाठ फिरवून पळत सुटली आहे. बहुतेकांची नजर रावणावर अडकते. तुम्ही त्या दासीला शोधा. सगळा पर्वत हलतोय याची खात्री तिच्यामुळे पटते. खोदणाऱ्यानं कोनाड्याच्या आत वाकून, अपुऱ्या उजेडात हा प्रसंग काढलाय. पुढे त्याच बाजूला रामायणाचा पट आहे, आडव्या पट्ट्यांमध्ये. सेतूसाठी दगड वाहणारी वानरं लहान मुलांना शोधायला लावा, ती तिथून हलत नाहीत.

वर मंडपात चपला काढून जा. सोळा खांब, आत शिवलिंग. छताकडे टॉर्च धरा पण फ्लॅश मारू नका: गिलावा आणि रंगाचे तुकडे अजून शिल्लक आहेत. एके काळी हे सगळं मंदिर पांढऱ्या गिलाव्यानं झाकलेलं होतं, हिमालयातल्या कैलासासारखं दिसावं म्हणून. आज आपण जो काळा दगड बघतो तो त्यांनी उघडा ठेवायचा म्हणून ठेवलेला नाही. बाजूच्या ओवऱ्यांना जोडणारे दगडी पूल कधीच पडलेत, त्यांच्या तुटक्या खुणा बघून घ्या. एवढा अधांतरी दगड किती लांब टिकू शकतो, त्याची मर्यादा तिथं कळते. गोपुरापासून नंदीमंडपाकडे जाणारा पूल अजून उभा आहे.

कैलास बघून झाल्यावर थकला असाल, तरी ३० नंबरचं लेणं सोडू नका. ते जैन लेण्यांमध्ये आहे, उत्तरेला लांब. त्याला छोटा कैलास म्हणतात. मोठ्या कैलासाचीच ही छोटी आवृत्ती, पण काम अर्धवट राहिलेलं. पूर्ण झालेल्या कामात कारागिराची पद्धत झाकली जाते, अर्धवट कामात ती उघडी असते. इथं छिन्नी कुठपर्यंत आली आणि कुठे थांबली, हे जवळून बघता येतं. तिकडे जायला आवारातली बस मिळते. परतीची शेवटची बस किती वाजता, हे चढण्याआधीच ड्रायव्हरला विचारून ठेवा. तिथून पुढे ३२ नंबरची इंद्रसभा आहे, तिच्या वरच्या मजल्यावरचे खांब उन्हं उतरायच्या आत बघून घ्या.