आई अंध असताना बाजारातल्या नजरांना तोंड कसं द्यावं

सांगलीत मारुती रोडच्या गर्दीत लोक वळून बघतात, ते बहुतेक कुतूहलानं. चालणं थांबवू नका. मुलानं आईचा हात ओढायचा नाही. आईनं मुलाच्या कोपराच्या जरा वर धरून अर्धं पाऊल मागे चालायचं. ओढत नेलं की तोल जातो आणि बघे वाढतात. मूल लहान असेल तर वाट आईनं पांढऱ्या काठीनंच शोधावी; तो भार पोरावर नको.

खरा त्रास दुकानात होतो. दुकानदार मुलालाच विचारतो, "यांना काय पाहिजे?" त्यासाठी एक वाक्य घरीच पाठ करून घ्या: "काका, आईलाच विचारा." एवढं बोलून मुलानं गप्प राहायचं, उत्तर आईनं द्यायचं. सुरुवातीला मूल लाजतं, म्हणून ओळखीच्या दुकानात आधी सराव करा.

"बिचारी" ऐकू आलं तर तिथं वाद नको, पण घरी मुलाशी त्यावर नक्की बोला. कोण बघतंय हे सांगत राहायचं का, हे आईलाच आधी विचारून ठेवा. कुणी चारचौघांत मुद्दाम अपमान केला तर मात्र सोडू नका, पोलिसांत तक्रार द्या: दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६, कलम ९२, शिक्षा किमान ६ महिने कैद.