सागवान, कोंबड्या, वाईन: पैसे देण्याआधी काय तपासावे

दिवाळीच्या सुमारास सोयाबीनचे आणि पुढे संक्रांतीपर्यंत कापसाचे पैसे हाती येतात. ज्यांची जमीन समृद्धी महामार्गात किंवा एखाद्या सिंचन प्रकल्पात गेली, त्यांच्या खात्यावर तर मोबदल्याची रक्कम एकदमच जमा झालेली असते. सागवान लागवड, शेळीपालन, शेतजमिनीचे ‘युनिट’ अशा योजनांचे प्रतिनिधी नेमके अशाच वेळी गावात फिरू लागतात. ते बोलणे टक्क्यांपासून सुरू करतात. आपण मात्र वस्तूपासून सुरुवात करावी: ती कुठे आहे, कोणाच्या नावावर आहे, कोणाच्या ताब्यात आहे आणि त्या कंपनीखेरीज ती विकत घेणारा दुसरा कोण आहे?

सागवानाचेच घेऊ. प्रमाणपत्रावर होलोग्राम असतो, झाडांची संख्या असते, पण गट क्रमांक बहुधा नसतो. तो लेखी मागावा आणि डिजिटल सातबारा स्वतः काढून भोगवटादार कोण, इतर हक्कांत कोणत्या बँकेचा बोजा आहे आणि पीक पाहणीत झाडांची नोंद आहे का, हे पाहावे. त्यानंतर प्रतिनिधीला न कळवता एकदा शेतावर जाऊन यावे. तीच झाडे आणखी किती जणांना विकली, हे सातबारा सांगत नाही. म्हणून दुय्यम निबंधकाकडे नोंदवलेला करार मिळणार नसेल, तर पुढे जाऊ नये. पाचशेच्या स्टॅम्प पेपरवर नोटरी करून घेतल्याने जमिनीची मालकी मिळत नाही. शिवाय सागवान विकण्याजोगे व्हायला दोन दशके तरी लागतात आणि ते तोडायला परवानगी लागते, हे आपल्याकडच्या शेतकऱ्याला ठाऊक असते. मग सहा वर्षांत रक्कम तिप्पट कशी होणार, हे प्रतिनिधीलाच कागदावर मांडायला सांगावे.

‘माल आम्हीच परत घेऊ’ ही हमी सर्वांत गोड आणि सर्वांत घातक. २०१९ मध्ये सांगली जिल्ह्यातून उघडकीस आलेल्या कडकनाथ कोंबड्यांच्या प्रकरणात अंडी आणि पक्षी चढ्या भावाने घेण्याचे आश्वासन होते. खरेदी थांबली आणि कोंबड्या व खाद्याचा खर्च शेतकऱ्यांच्या गळ्यात पडला. तालुक्याच्या बाजारातला व्यापारी तोच माल काय भावाने घेईल, हे आधी विचारावे आणि त्याच भावाने हिशेब बसतो का, ते पाहावे.

वर्धा आणि गडचिरोलीत दारूबंदी असली, तरी मोबाईलवर परदेशी वाईनमधल्या गुंतवणुकीची जाहिरात तिथेही पोहोचते. अमेरिकेत २०२२ मध्ये जाहीर झालेल्या बोर्डो सेलर्स या कंपनीच्या प्रकरणातल्या आरोपपत्रानुसार, महागड्या वाईनच्या तारणावर श्रीमंत संग्राहकांना कर्ज द्यायचे असे सांगून सुमारे ९ कोटी ९० लाख डॉलर गोळा करण्यात आले. प्रत्यक्षात ना ते कर्जदार होते, ना तारणाचा तो साठा. ज्याने माल विकला त्याच्याच गोदामाची पावती पुरावा म्हणून धरू नये. साठा आपल्या नावावर असल्याचे त्रयस्थ गोदामाकडून थेट कळले पाहिजे.

कागदपत्रांच्या फाईलला भुलू नये. लघुउद्योगांचे उद्यम प्रमाणपत्र स्वतःच माहिती भरून फुकट मिळते. जीएसटी क्रमांक आणि कंपनीची नोंदणी यांवरूनही लोकांकडून ठेवी घेण्याची परवानगी सिद्ध होत नाही. अनेकांचे पैसे एकत्र करून नफा वाटणारी सामूहिक योजना सेबी या बाजार नियामकाकडे नोंदलेली आहे का, हे सेबीच्या संकेतस्थळावर पाहावे, आणि ठेवी घेणाऱ्या संस्थेची माहिती रिझर्व्ह बँकेच्या ‘सचेत’ पोर्टलवर शोधावी. शेतजमिनीच्या नावाने पैसे घेणाऱ्या पीएसीएलला सेबीने २०१४ मध्ये सुमारे ४९,१०० कोटी रुपये परत करण्याचा आदेश दिला, तेव्हा कंपनी नोंदणीकृतच होती.

प्रतिनिधी बहुतेकदा आपलाच सोयरा असतो, आणि खरी अडचण तिथे आहे. त्याला नाही म्हणणे सावकाराला नाही म्हणण्याहून अवघड जाते. त्याच्यावर अविश्वास न दाखवता, अनियंत्रित ठेव योजनांवर बंदी घालणाऱ्या २०१९ च्या कायद्यानुसार अशा योजनेसाठी लोकांना गळ घालणाऱ्यालाही एक ते पाच वर्षे कैद होऊ शकते, एवढे त्याला सांगावे. अनेकदा त्याचाही उत्साह तिथेच ओसरतो. तरीही पैसे द्यायचेच ठरले, तर ते रोख किंवा त्याच्या वैयक्तिक खात्यावर न देता कंपनीच्या बँक खात्यावरच भरावेत आणि पावतीवर रक्कम कशासाठी घेतली ते स्पष्ट लिहून घ्यावे.

कंपनीकडून मिळणारा हप्ता थकला की ‘आणखी थोडे भरा, म्हणजे आधीचे सुटतील’ असा निरोप येतो. तेव्हा एक रुपयाही देऊ नये. पावत्या, बँकेचे उतारे आणि मोबाईलवरचे संदेश जपून पोलीस ठाण्यात किंवा जिल्ह्याच्या आर्थिक गुन्हे शाखेत तक्रार द्यावी आणि १९९९ च्या महाराष्ट्र ठेवीदार हितसंरक्षण कायद्याचा उल्लेख आवर्जून करावा, कारण त्याखाली संचालकांची मालमत्ता जप्त होऊ शकते. पैसे ऑनलाइन गेले असतील, तर आधी सायबर फसवणुकीच्या १९३० या मदत क्रमांकावर फोन करावा. पुढे काही महिन्यांनी ‘तुमची रक्कम मंजूर झाली, प्रक्रिया शुल्क भरा’ असा फोन आला, तर शुल्क भरू नये आणि मूळ प्रमाणपत्र कोणाच्याही हाती देऊ नये.