तियामत टेबलावर आणण्याआधी

डन्जन्स अँड ड्रॅगन्स या फाशांच्या कथाखेळातली, 2014 च्या नियमांतली पाच तोंडांची ड्रॅगन तियामत खेळवायची, तर आधी जागा मोजा. तिचं अंग नकाशाच्या इंची घरांत 4 बाय 4 च आहे, पण काळ्या आणि निळ्या तोंडाची फुंकर, म्हणजे तोंडातून सुटणारा मारा, सरळ 24 घरं जाते, 2 घरं रुंद. बाजारातला चार्ट पेपर 22 बाय 28 इंचांचा. एकावर ती जेमतेम बसते आणि खेळाडूंना पळायला जागा उरत नाही. दोन चार्ट जोडा. हिरव्या, लाल, पांढऱ्या फुंकरीसाठी 18 इंच उंच, 18 इंच पायाचा पुठ्ठ्याचा त्रिकोण कापून ठेवा, नाहीतर घरं मोजण्यावरून भांडणं ठरलेली. मे महिन्यात जळगावात पंखा बंद ठेवता येत नाही, म्हणून कोपऱ्यांवर वजनं हवीत. शेवभाजी मधल्या सुट्टीतच; रश्श्याच्या हातांनी फासे नकोत.

लाल फुंकरीला 26 सहापैलू फासे लागतात. लुडोचे गोळा केले तरी बेरजेत रंगत जाते. इजेची सरळ सरासरी लावा: लाल 91, निळी 88, हिरवी 77, पांढरी 72, काळी 67. आता 15 व्या लेव्हलचा जादूगार घ्या, कॉन्स्टिट्यूशन (काटकपणा) +2: सरासरीने हिट पॉइंट (जीव किती उरला त्याचे गुण) 92. लाल फुंकरीनंतर उरला 1! सेव्हचा, म्हणजे मारा चुकवायला फासा टाकून गाठायचा आकडा 27. डेक्स्टेरिटी (चपळाई) +2 असेल तर वीसपैलू फाशावर 20 पडूनही बेरीज 22 च. म्हणून गटात पॅलाडिन (धर्मयोद्धा) असेल तर जवळच्यांच्या सेव्हला बळ देणाऱ्या त्याच्या ऑराचे खेळातले 10 फूट, म्हणजे 2 घरं, चार्टवर आखूनच द्या.

सहाव्या लेव्हलपर्यंतचे स्पेल (मंत्र) तियामतने ठरवल्याशिवाय तिला लागतच नाहीत. हे आधीच्या बैठकीत कुणाच्या तरी तोंडून कळू द्या; ऐनवेळी कळलं तर फायरबॉलवाला तोंड पाडून बसतो.

डीएमची, म्हणजे खेळ चालवणाऱ्याची, नेहमीची चूक लेजेंडरी अ‍ॅक्शनमध्ये होते. या म्हणजे इतरांच्या पाळीनंतर तिला मिळणाऱ्या जादा कृती. त्यांच्यासाठी समोर पाच बटणं ठेवा: फुंकरीला 2, चाव्याला 1. दुसऱ्याची पाळी संपल्यावर एकच कृती, आणि वापरलेलं तोंड तिची पाळी येईपर्यंत बंद. म्हणजे या बटणांवर फेरीत दोनच फुंकरी.

तियामतचे हिट पॉइंट 615. तिच्या प्रत्येक पाळीच्या सुरुवातीला 30 परत मिळतात, ते हमखास विसरतात. वहीत वेगळा रकाना आखा. आकडे मोबाइलवर नकोत, कागदावर हवेत. लाइट गेली की चार्जिंगही जातं.