ॲप अनइन्स्टॉल केलं म्हणजे डेटा पुसला असं नाही, तो पुसायला कसा लावायचा ते वाचा

नागपुरात कोणी मनीषनगर नाहीतर बेसा साइडला फ्लॅट पाहायचा म्हणून एखाद्या साइटवर नंबर टाकला की मग फोनच फोन येऊन राहतात, माणूस वैतागून ॲप उडवतो आणि त्याला वाटते संपलं एकदाचं. पण ॲप उडवल्यावर फक्त आपल्या फोनमधली जागा मोकळी होते. नाव, नंबर, लोकेशन, काय काय शोधलं, कोणत्या बजेटमधे शोधलं, हे सगळं कंपनीच्या सर्व्हरवर तसंच पडून राहते. ते काढायचं असेल तर मागावं लागते, आणि तसं मागता येते.

आधी कायद्याचं थोडक्यात सांगतो. सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायाधीशांनी 24 ऑगस्ट 2017 ला खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे असं सांगितलं, मग 2023 मधे डेटा संरक्षणाचा कायदा झाला ज्याला सगळे डीपीडीपी म्हणतात, आणि त्याचे नियम आले नोव्हेंबर 2025 मधे. पण सगळं एकदम लागू नाही. आपल्या हक्कांची मुख्य कलमं नियम आल्यापासून 18 महिन्यांनी, म्हणजे मे 2027 मधे लागू होतात. तोवर गप्प बसायचं काहून? बँकेची माहिती, तब्येतीची माहिती, बायोमेट्रिक अशा नाजूक डेटासाठी 2011 चे जुने नियम आहेत, त्यात माहिती पाहायचा, दुरुस्त करायचा, संमती मागे घ्यायचा हक्क आहे आणि कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला महिनाभरात निपटारा करावा लागते. आणि बहुतेक मोठ्या कंपन्यांनी डिलीटची सोय आधीच ठेवलेली आहे, फक्त ती शोधावी लागते.

आता करायचं कसं. सगळ्यात महत्त्वाची गोष्ट म्हणजे क्रम. लोक रागाच्या भरात आधी अकाउंट डिलीट करतात आणि मग यांच्याजवळ माझं काय काय होतं हे विचारायला काही उरतच नाही, म्हणून आधी कॉपी मागा. गुगलवर टेकआऊट नावाची सोय आहे, व्हॉट्सॲपच्या सेटिंगमधे अकाउंटची माहिती मागवता येते आणि ती साधारण तीन दिवसांत मिळते. ती फाइल एकदा उघडून पाहाच, आपण कधी कुठे होतो हे इतक्या बारकाईनं कोणी लिहून ठेवलंय हे पाहिलं की पुढचं काम करायला आपोआप जोर येते.

कॉपी हातात आली की फोनच्या सेटिंगमधे जाऊन परमिशन बंद करा, लोकेशन, कॉन्टॅक्ट, माइक. मग ॲपमधे अकाउंट डिलीट शोधा. सापडत नसेल किंवा ॲप आधीच उडवलं असेल तर प्ले स्टोअरवर त्या ॲपच्या पानावर डेटा सेफ्टी म्हणून भाग असतो, तिथे डिलीटची लिंक मिळते, कारण ज्या ॲपमधे अकाउंट बनवता येते त्यांना ती द्यावी लागते असा गुगलचा नियम आहे. फेसबुकचं एक लक्षात ठेवा, डिलीट केल्यावर 30 दिवसांत परत लॉगिन केलं तर डिलीट रद्द होऊ शकते, तर तेवढे दिवस तिकडे फिरकू नका.

बटणानं काम झालं नाही तर मेल. प्रायव्हसी पॉलिसीच्या अगदी खाली तक्रार अधिकाऱ्याचा मेल आयडी असतो, ज्या नंबरानं अकाउंट बनवलं तो लिहा आणि साध्या भाषेत मागा:

"माझ्या या नंबरच्या अकाउंटमधे माझी कोणती माहिती आहे, ती कोणाकोणाला दिली, हे कळवा. मी दिलेली संमती आजपासून मागे घेत आहे. कायद्यानं ठेवावी लागते ती सोडून बाकी सगळी माहिती पुसा, ज्यांना दिली त्यांच्याकडूनही पुसायला लावा, आणि पुसल्यावर लेखी कळवा."

बस, एवढंच. कस्टमर केअरला फोन करून तासभर भांडण्यापेक्षा हा मेल बरा, कारण तारखेसकट पुरावा राहते. स्क्रीनशॉट ठेवा. आणि ओळख पटवायला कोणी आधार मागितलं तर मास्क्ड आधार द्या, त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात.

सगळंच पुसलं जाईल अशी आशा मात्र ठेवू नका. बँक किंवा वॉलेटला केवायसीचे, म्हणजे ओळख पटवायचे कागद खातं बंद झाल्यावरही पाच वर्षं ठेवावे लागतात, तिथे त्यांची चूक नाही. पण केवायसी ठेवायची आहे म्हणून तुमचा नंबर जाहिरातीला वापरायचा, हे चालत नाही, जाहिरातीची संमती वेगळी मागे घेता येते.

सोशल मीडियावाल्यांना 2021 च्या नियमांप्रमाणे तक्रारीची पोच 24 तासांत द्यावी लागते आणि 7 दिवसांत निकाल, फेब्रुवारी 2026 पर्यंत ही मुदत 15 दिवस होती. उत्तर पटलं नाही तर 30 दिवसांच्या आत सरकारच्या तक्रार अपील समितीकडे ऑनलाइन जाता येते. नवीन कायदा पूर्ण लागू झाला की कंपनीला तक्रारीसाठी जास्तीत जास्त 90 दिवस आहेत, त्यानंतर सरकारच्या डेटा संरक्षण बोर्डाकडे जाता येईल. डेटा नीट सांभाळला नाही तर दंड 250 कोटींपर्यंत आहे, म्हणून मोठ्या कंपन्या हे आता हसण्यावारी नेत नाहीत. खोटी तक्रार केली तर आपल्यालाही 10 हजारांपर्यंत दंड होऊ शकते, तर जे खरं आहे तेच लिहा.

लोन ॲपबद्दल मात्र मला जास्त कळकळीनं सांगायचं आहे. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे कर्ज देणाऱ्या ॲपला तुमची कॉन्टॅक्ट लिस्ट, गॅलरी, कॉल लॉग पाहायची परवानगीच नाही, केवायसीपुरता एकदा कॅमेरा, माइक किंवा लोकेशन तेही विचारून. कोणी ॲप कॉन्टॅक्ट मागत असेल तर तिथेच थांबा भाऊ, पैशाची कितीही नड असली तरी. आणि नातेवाइकांना फोन करून, फोटो पाठवून धमकावून राहिले असतील तर लाजू नका, कोणी तुम्हाला दोष देत असेल तर देऊ द्या, 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा आणि सायबर पोलिसात जा. त्या माणसांशी मेलामेली करत बसू नका, ते उत्तर देणारे लोक नाहीत.

शेवटचं, घरात नीट-जेईईची तयारी करणारं पोरगं असेल तर त्याच्या क्लासच्या ॲपवरचा मेल आईबाबांनी लिहायचा. नवीन कायद्यात 18 वर्षांखालचा सगळा लहान मूलच धरला आहे, त्याची संमती पालकांकडूनच घ्यावी लागते आणि त्याच्या वतीनं हे सगळे हक्क पालकच वापरतात. संमतीची नोटीस मराठीतही मागता येणार आहे, तर इंग्रजी समजत नाही म्हणून आई मागे राहायची गरज नाही.