आयईएलटीएस अ‍ॅकॅडमिक देण्याआधी: तयारीची सविस्तर यादी

परदेशी विद्यापीठात जायचं ठरलं की पहिला शोध सुरू होतो तो आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेच्या क्लासचा. त्याच्याही आधी करायचं काम म्हणजे ज्या अभ्यासक्रमांना अर्ज करणार आहात, त्या प्रत्येकाची इंग्रजीची अट वहीत जशीच्या तशी उतरवून घेणं. ही अट बहुधा दोन भागांत असते: एकूण बँड (म्हणजे 9 पैकी मिळणारे गुण) किती हवा आणि प्रत्येक विभागात किमान किती हवा. ‘एकूण 6.5, कुठल्याही विभागात 6.0 च्या खाली नको’ ही नेहमी दिसणारी अट घेऊ. लिसनिंग 7, रिडिंग 6.5, रायटिंग 5.5, स्पीकिंग 6.5 असे बँड मिळाले, तर सरासरी 6.375 येते. सरासरी जवळच्या अर्ध्या बँडला नेतात, म्हणून एकूण 6.5 होतात. एकूण जमलं, पण रायटिंगच्या 5.5 वर प्रवेश अडला. म्हणून तयारीचा सगळा आराखडा तुमच्या सर्वांत कच्च्या विभागाभोवती हवा. जे आधीच चांगलं येतं त्याचा सराव करायला मजा येते, आणि वेळ नेमका तिथेच जातो.

अटी वाचतानाच परीक्षेचा प्रकार तपासा. पदवी आणि पदव्युत्तर शिक्षणासाठी अ‍ॅकॅडमिक लागते; जनरल ट्रेनिंग ही वेगळी परीक्षा आहे आणि चुकून ती बुक झाली तर तो निकाल विद्यापीठ घेत नाही. ब्रिटनच्या काही व्हिसांसाठी ‘यूकेव्हीआय’ नावाने वेगळी नोंदणी करावी लागते. प्रश्नपत्रिकेचं स्वरूप तेच असतं, तरी साध्या परीक्षेचा निकाल तिथे चालत नाही. नर्सिंगवाल्यांची गोष्ट आणखी निराळी. ब्रिटनची नर्सिंग कौन्सिल लिसनिंग, रिडिंग आणि स्पीकिंगला 7 मागते, रायटिंगला 6.5. उलट काही ब्रिटिश विद्यापीठं बारावीच्या इंग्रजीच्या गुणांवर ही परीक्षाच माफ करतात; बोर्डानुसार त्यांची अट बदलते. प्रवेश विभागाला एक ईमेल टाकून हे आधी विचारून घ्या.

आता पासपोर्ट. भारतात नोंदणीला आणि परीक्षेच्या दिवशी ओळखपत्र म्हणून पासपोर्टच लागतो, तोही मूळ आणि मुदतीतला. फोटोकॉपी किंवा आधार कार्ड दाखवून आत जाता येत नाही. आपल्याकडे नावाचा गोंधळ फार होतो. महाराष्ट्र बोर्डाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी असतं. पासपोर्टवर स्वतःचं आणि वडिलांचं नाव एका रकान्यात आणि आडनाव वेगळ्या रकान्यात असतं. लग्नानंतर नाव बदललं असेल तर त्यात भर. नोंदणी करताना गुणपत्रिका बाजूला ठेवा आणि पासपोर्ट समोर धरून एकेक अक्षर भरा. पासपोर्ट नूतनीकरणाला द्यायचा असेल तर नोंदणीच्या आधी द्या, कारण मधेच क्रमांक बदलला की केंद्राशी पत्रव्यवहार करत बसावं लागतं.

तारीख ठरवताना उलटं मोजत या. अर्जाच्या शेवटच्या दिवसापासून किमान दोन महिने मागे परीक्षा हवी, म्हणजे एखादा विभाग पुन्हा द्यावा लागला तरी जागा उरते. निकाल दोन वर्षं ग्राह्य धरला जातो, त्यामुळे फार आधी देऊन ठेवण्यातही अर्थ नाही. स्पीकिंग त्याच दिवशी असेल असं गृहीत धरू नका. ती आठवडाभर आधी किंवा नंतरही असू शकते. गावाहून पुण्या-मुंबईला किंवा नागपूरला येऊन परीक्षा देणाऱ्यांनी दोन्ही वेळा पक्क्या झाल्यावरच तिकीट आणि मुक्काम ठरवावा.

क्लास लावण्याआधी एक पूर्ण सराव परीक्षा घड्याळ लावून द्या. लिसनिंग, रिडिंग, रायटिंग सलग, मध्ये चहा नाही, फोन दुसऱ्या खोलीत. नमुना प्रश्नपत्रिका अधिकृत संकेतस्थळावर मोफत मिळतात. लिसनिंग आणि रिडिंगला प्रत्येकी 40 प्रश्न असतात. साधारण हिशेब असा: 40 पैकी 23 बरोबर आले तर 6, 30 आले तर 7, 35 आले तर 8. उणे गुण नाहीत, म्हणून एकही जागा रिकामी सोडायची नाही. तुमचा आजचा बँड आणि हवा असलेला बँड यांत पूर्ण एकाचं अंतर असेल, तर दोन-तीन आठवड्यांच्या ‘क्रॅश कोर्स’वर विसंबू नका. रोज दीड-दोन तास धरून तीन महिने तरी हाताशी ठेवा.

लिसनिंग सुमारे 30 मिनिटांचं, चार भागांचं असतं आणि ध्वनिफीत एकदाच ऐकवतात. पहिल्या भागात बहुधा फॉर्म भरायचा असतो: नाव, पत्ता, फोन नंबर, तारीख. सोपा म्हणून याचा सराव कुणी करत नाही आणि गुण इथेच गळतात. ‘थर्टीन’ आणि ‘थर्टी’मधला फरक आघातात आहे, तो कानाला ओळखता यायला हवा. ‘डबल सेव्हन’ ऐकल्यावर हात न थांबता 77 लिहिता यायला हवं. ‘ए’, ‘एच’ आणि ‘एट’ घाईत एकमेकांत मिसळतात. बोलणारा आधी मंगळवार म्हणतो आणि लगेच ‘नो, सॉरी’ म्हणत गुरुवार सांगतो. पहिलं ऐकून पेन खाली ठेवणाऱ्यासाठीच ती जागा रचलेली असते. शब्दमर्यादेची सूचना प्रत्येक वेळी वाचा. ‘दोनपेक्षा जास्त शब्द नकोत’ असं असताना तीन लिहिले तर अर्थ बरोबर असूनही गुण मिळत नाही. शेवटचा ‘एस’ सुटला किंवा स्पेलिंग चुकलं तरी तेच. ब्रिटिश आणि अमेरिकन दोन्ही स्पेलिंग चालतात.

यावर सर्वांत उपयोगी पडतं ते शाळेतलं जुनं श्रुतलेखन. लिखित संहिता सोबत असलेला इंग्रजी कार्यक्रम निवडा, त्यातली दोन मिनिटं थांबवत थांबवत शब्दन् शब्द लिहून काढा आणि मग संहितेशी ताडून पाहा. जे सुटलं ते तीनपैकी कुठल्या कारणाने सुटलं ते समासात लिहा: शब्दच माहीत नव्हता, माहीत होता पण उच्चार वेगळा समजत होता, की दोन शब्द जोडून बोलल्यामुळे ओळखू आला नाही. तिन्हींवरचा उपाय वेगळा आहे, म्हणून नुसतं ‘ऐकत राहा’ म्हणून भागत नाही. ब्रिटिश, ऑस्ट्रेलियन, अमेरिकन असे वेगवेगळे आवाज आलटून पालटून घ्या.

रिडिंगला 60 मिनिटांत तीन उतारे असतात. तिसरा बहुधा जड असतो, म्हणून वीस-वीस अशी समान वाटणी करण्यापेक्षा 17, 20 आणि 23 मिनिटं धरा. आधी प्रश्न, मग उतारा. सगळ्यात जास्त गोंधळ ‘ट्रू, फॉल्स, नॉट गिव्हन’चा. उताऱ्यात कारखाना 1920 मध्ये सुरू झाला असं लिहिलंय आणि विधान 1930 म्हणतंय, तर ते ‘फॉल्स’, कारण उतारा त्याच्या विरुद्ध बोलतो. विधान ‘हा त्या शहरातला पहिला कारखाना होता’ असं असेल आणि उतारा त्यावर गप्प असेल, तर ‘नॉट गिव्हन’. तुम्हाला स्वतःला इतिहास माहीत असला तरी तो इथे वापरायचा नाही. या प्रकारातली उत्तरं उताऱ्याच्या क्रमाने येतात. परिच्छेदाला शीर्षक जुळवण्याच्या प्रश्नात तसा क्रम नसतो. एका प्रश्नावर दीड मिनिटापेक्षा जास्त अडकलात तर अंदाजाने उत्तर भरा, खूण करा आणि पुढे चला.

रायटिंगला सर्वाधिक वेळ द्या, कारण मराठी माध्यमातून आलेल्यांचा बँड बहुतेक वेळा इथे अडतो, आणि इंग्रजी माध्यमातल्यांचाही. दोन प्रश्न, 60 मिनिटं. पहिला किमान 150 शब्दांचा, त्याला 20 मिनिटं. दुसरा किमान 250 शब्दांचा, त्याला 40 मिनिटं आणि त्याचं वजन दुप्पट. चार निकषांवर सारखे गुण असतात: प्रश्नाला पूर्ण उत्तर दिलं का, मांडणी सलग आहे का, शब्दसंपदा, व्याकरण. म्हणजे अवघड शब्दांच्या याद्या पाठ करून फार तर चौथ्या हिश्श्याला हात लागतो.

पहिल्या प्रश्नात आलेख, तक्ता, नकाशा किंवा एखादी प्रक्रिया असते. स्वतःचं मत आणि कारणं द्यायची नाहीत. सगळ्यात ठळक दोन गोष्टी सांगणारा आढावा हवाच. तो नसेल तर आकडे कितीही अचूक असले तरी बँड खाली राहतो. प्रत्येक आकडा लिहीत बसू नका, तुलना करा. ‘रोझ बाय’ म्हणजे इतक्याने वाढलं, ‘रोझ टू’ म्हणजे इतक्यावर पोचलं. ही अदलाबदल झाली की माहितीच चुकते. 20 टक्क्यांवरून 30 टक्क्यांवर गेलेली गोष्ट 10 टक्क्यांनी वाढली असं लिहू नका, ती 10 टक्केबिंदूंनी वाढली. आणि लाख-कोटीत विचार करणाऱ्या आपल्या मनाला आधीच बजावून ठेवा: एक मिलियन म्हणजे दहा लाख.

दुसऱ्या प्रश्नात पहिली पाच मिनिटं फक्त आराखड्याची. प्रश्नात दोन गोष्टी विचारल्या असतील तर दोन्हींचं उत्तर हवं. ‘दोन्ही बाजू मांडा आणि तुमचं मत द्या’ म्हटल्यावर मत शेवटच्या ओळीत घाईने टाकणं पुरत नाही. 260 ते 290 शब्द पुरे. क्लासमध्ये मिळणारे ‘आजच्या जागतिकीकरणाच्या युगात’ छापाचे पाठ केलेले परिच्छेद परीक्षक लगेच ओळखतात आणि त्यांचा उपयोग शून्य. प्रश्नातली वाक्यं जशीच्या तशी उचलली तर ते शब्द मोजणीत धरत नाहीत.

मराठीतून येणाऱ्या चुका ठराविक आहेत, म्हणून त्या पकडता येतात. आपल्याकडे आर्टिकल नाही, त्यामुळे ‘अ’ आणि ‘द’ गळतात. तृतीय पुरुषी एकवचनी क्रियापदाचा ‘एस’ राहतो. ‘मला समजतंय’च्या वळणाने ‘आय अ‍ॅम अंडरस्टँडिंग’ उतरतं. ‘वन ऑफ माय’नंतर अनेकवचन हवं तिथे एकवचन येतं. ‘डिस्कस’ला ‘अबाउट’ चिकटतं. ‘पाच वर्षांपासून’चं ‘सिन्स फाइव्ह इयर्स’ होतं, तिथे ‘फॉर’ हवं. स्वल्पविराम देत दोन-तीन पूर्ण वाक्यं एकाला एक जोडली जातात. निबंध तपासून घेतलात की आपल्या चुकांचे रकाने पाडा, किती वेळा कुठली झाली ते मोजा, आणि तोच निबंध दुसऱ्या दिवशी पुन्हा लिहा. नवे दहा निबंध लिहून न तपासण्यापेक्षा चार निबंध दोनदा लिहिलेले बरे. परीक्षेत शेवटची तीन मिनिटं फक्त या रकान्यांतल्या चुका शोधायला ठेवा.

संगणकावर देणार असाल तर टायपिंग हाही अभ्यासच आहे. तासाभरात विचार करून 450 शब्द उतरवायचे असतात, स्पेलिंग दुरुस्त करणारी सोय नसते. शब्दसंख्या मात्र पडद्यावर दिसते. मोबाइलवर वेगाने लिहिणारी मुलं कीबोर्डवर अडखळतात. निबंधाचा सराव पहिल्या दिवसापासून कीबोर्डवर करा आणि ऑटोकरेक्ट बंद ठेवा. लिसनिंगमध्येही फरक आहे: कागदावरच्या परीक्षेत उत्तरं उतरवायला शेवटी 10 मिनिटं मिळतात, संगणकावर तपासायला फक्त दोन.

स्पीकिंग 11 ते 14 मिनिटांची, समोरासमोर किंवा व्हिडिओवर, पण परीक्षक खरा माणूसच. पहिल्या भागात घर, शिक्षण, आवडीनिवडी. दोन-तीन वाक्यांत उत्तर द्या, ‘येस’वर थांबू नका. दुसऱ्या भागात विषय आणि मुद्दे लिहिलेलं क्यू कार्ड मिळतं, एक मिनिट तयारी आणि दोन मिनिटांपर्यंत बोलणं. त्या मिनिटात वाक्यं लिहू नका. कार्डावरच्या प्रत्येक मुद्द्याला दोन-दोन शब्द टिपा आणि शेवटी एक प्रसंग. मुद्दे संपले तर प्रसंग सांगायला घ्या, वेळ भरतो. वारी, भाकरी, वाडा असे शब्द खुशाल वापरा, पण लगेच एका वाक्यात ते काय ते सांगा आणि पुढे जा. तिसऱ्या भागात मत आणि त्याचं कारण हवं. प्रश्न कळला नाही तर पुन्हा विचारायला सांगा, त्याचे गुण जात नाहीत.

उच्चार परदेशी करायची गरज नाही. मराठी वळण असलं तरी चालतं, ऐकणाऱ्याला कष्ट पडता कामा नयेत. तीन ठिकाणी लक्ष द्या. आपला ‘व’ इंग्रजीतल्या दोन ध्वनींच्या मधला आहे: ‘वेस्ट’ म्हणजे पश्चिमेला ओठ गोल, ‘व्हेस्ट’ला खालचा ओठ वरच्या दातांना. ‘शिप’ आणि ‘शीप’मधला ऱ्हस्व-दीर्घ फरक बोलताना पाळा. आणि आपण प्रत्येक अक्षराला सारखं वजन देतो, इंग्रजी देत नाही. ‘डेव्हलपमेंट’मध्ये जोर ‘व्हे’वर आहे. रोज दोन मिनिटं मोबाइलवर रेकॉर्ड करा आणि दुसऱ्या दिवशी ऐका; त्याच दिवशी ऐकलं तर चुका कानाला लागत नाहीत.

परीक्षेच्या दिवशी पासपोर्ट आणि लेबल नसलेल्या पारदर्शक बाटलीतलं पाणी, एवढंच सोबत. मनगटी घड्याळ आत चालत नाही, म्हणून वेळेचा सराव पडद्यावरच्या किंवा भिंतीवरच्या घड्याळावर करा. पहिले तीन विभाग मिळून सुमारे पावणेतीन तास सलग चालतात. पोटभर खाऊन जा आणि स्वच्छतागृहाचं आधी उरकून घ्या.

निकालात एकच विभाग कमी पडला तर दोन वाटा आहेत. फेरतपासणीचा अर्ज सहा आठवड्यांच्या आत करता येतो, आणि बँड वाढला तर भरलेली फी परत मिळते. बँड बदलण्याची शक्यता असते ती रायटिंग आणि स्पीकिंगमध्ये. लिसनिंग-रिडिंगची उत्तरं ठराविक असल्याने तिथे फारसं काही हलत नाही. दुसरी वाट ‘वन स्किल रिटेक’ची: संगणकावर परीक्षा दिली असेल तर मूळ परीक्षेपासून 60 दिवसांच्या आत तो एकच विभाग पुन्हा देता येतो. मात्र सगळी विद्यापीठं हा निकाल स्वीकारत नाहीत. पैसे भरण्याआधी अटींच्या त्या वहीतल्या प्रत्येक विद्यापीठाला विचारा आणि उत्तर ईमेलवरच घ्या.